मोठ्या पगाराचा नवा माणूस म्हणतो, माझा पीएफ कापू नका

हिशेबनीस_खामला
नमस्कार मंडळी. मी परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका लहान कंपनीत पगार आणि हिशेबाचं काम बघते. माणसं चाळीसच्या आसपास, म्हणजे पीएफ कायदा आम्हाला लागू आहेच. येत्या एक तारखेला आमच्याकडे एक वरिष्ठ इंजिनिअर रुजू होणार आहेत. सीटीसी (म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च) २४ लाख, त्यात मूळ पगार महिना १ लाख. गृहस्थ मूळचे प्रतापनगरचे. आधी काही काळ पुण्यात होते, मग बरीच वर्षं सिंगापूरला. आता आईवडील थकले म्हणून कायमचे परत येतायत. ऑफर स्वीकारताना त्यांनी एकच अट घातली: माझा पीएफ कापू नका आणि कंपनीचा वाटाही मला पगारातच द्या.

आमचे मालक म्हणतात, असा माणूस नागपुरात पुन्हा मिळणार नाही, काय हवं ते लिहून दे. लिहून द्यायला हरकत नाही, पण सही माझ्या हातून जाणार. मूळ पगार १५,००० च्या वर असेल तर नव्या माणसाला पीएफमधून बाहेर राहता येतं, एवढं मला माहीत आहे. पण त्याला अट काय, कागद कोणता घ्यायचा आणि पुढे तपासणी झाली तर जबाबदारी कोणाची, हे कुठे एका जागी सापडलं नाही.

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. ही बातमी ऑफिसात फुटलीच. आमच्याकडच्या दोन पोरांनी कालच येऊन विचारलं, "ताई, साहेबांचा नाही कापत तर आमचाही नका कापू." त्यांचा मूळ पगार बारा-तेरा हजार. त्यांना काय सांगू?

बुटीबोरीकर
ताई, प्रश्न वेळेवर विचारलात, कारण हा सगळा खेळ रुजू होण्याआधीचाच आहे. माझी उभी नोकरी बुटीबोरीच्या कारखान्यांत टाइम ऑफिस आणि पगारपत्रकात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना १९५२ ची. तिच्या पॅरा २(एफ) मध्ये 'वगळलेला कर्मचारी' कोण ते दिलंय. त्यात आपल्या कामाची ओळ अशी: सदस्य होण्याची वेळ येते तेव्हा ज्याचा पगार महिना १५,००० च्या वर आहे तो. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची, त्याआधी ६,५०० होती. इथे पगार म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, सीटीसी नव्हे. बरेच जण इथेच गफलत करतात. सीटीसी ३५,००० आणि मूळ पगार १४,००० असेल तर त्या माणसाला पीएफ लागतोच, तिथे निवड नाही.

आता खरी मेख. 'सदस्य होण्याची वेळ येते तेव्हा' हे शब्द नीट वाचा. माणूस आधीपासून सदस्य असेल तर ती वेळ केव्हाच येऊन गेली. पॅरा २६ए सांगतो की एकदा सदस्य झालेला माणूस पूर्ण रक्कम काढून घेईपर्यंत सदस्यच राहतो. त्याचा पगार लाखावर गेला तरी सूट नाही, फक्त कपात १५,००० वर मर्यादित ठेवता येते.

म्हणून पहिला प्रश्न त्यांना हा विचारा: पुण्यात नोकरी कधी केली, तिथे पीएफ कापला जात होता का आणि तो काढला का? बाकी सगळं त्यानंतर.

वऱ्हाडी_माणूस
काका बरोबर सांगून राहिले. आमच्या इकडं एकाचं असंच झालं होतं. त्यानं फॉर्म ११ मध्ये, म्हंजे रुजू होताना आधीच्या पीएफचं लिहून द्यायच्या कागदात, 'आधी पीएफ नव्हता' अशी खूण केली, आन् आधार टाकल्याबरोबर जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) निघाला बाहेर! मंग कंपनीची धावपळ. आता काही लपत नाही जी. सारं आधारले जोडलेलं आहे.

हिशेबनीस_खामला
काका, खूप आभार. आजच फोन केला. ते म्हणाले, पुण्यात २०१० ते २०१२ अशी पहिली नोकरी होती, पीएफ कापायचे, "पण ते पैसे केव्हाच बुडाले असतील, मी कधी मागितलेच नाहीत." यूएएन नाही म्हणाले. मग ते सदस्य धरायचे की नाही? इतक्या वर्षांनी?

बुटीबोरीकर
सदस्य आहेत. पैसे बुडालेले नाहीत. यूएएन २०१४ च्या ऑक्टोबरात आला, त्यामुळे २०१२ ला नोकरी सोडलेल्याकडे तो नसणारच. जुन्या पगारचिठ्ठीवर एमएच नाहीतर पीयूपासून सुरू होणारा लांबलचक नंबर असेल, तोच त्यांचा पीएफ खाते क्रमांक. २०११ ते २०१६ या काळात ३६ महिने पैसे जमा झाले नाहीत तर व्याज थांबायचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो नियम बदलला. आता नुसती नोकरी सोडली म्हणून व्याज बंद होत नाही. त्यामुळे त्यांच्या खात्यात त्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त सापडेल.

आणि हो, सिंगापूर म्हणालात म्हणून सुटलात. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा ज्या देशांशी आपला सामाजिक सुरक्षा करार आहे, तिथल्या योजनेचा हक्क घेऊन परतलेला माणूस 'आंतरराष्ट्रीय कामगार' ठरू शकतो आणि त्याला १५,००० ची मर्यादा लागू होत नाही. सिंगापूरशी असा करार नाही.

परत_आलेला
मी त्या इंजिनिअर साहेबांच्या बाजूने बोलतो, कारण मीही परत आलेलाच आहे. मनीषनगरला फ्लॅट घेतला, गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं. नवी करप्रणाली निवडली की राहत्या घराच्या व्याजावर सूट नाही, ८०सी नाही. अशा वेळी हातात येणारा प्रत्येक रुपया कर्जात भरला तर मला साडेआठ टक्के वाचतात, पीएफमध्ये ८.२५ मिळतात. शिवाय कर्जात भरल्याने घर लवकर मोकळं होतं. चाळिशीत परतलेल्या माणसाला हातात पैसा लागतो: आईवडिलांचं आजारपण, मुलांच्या शाळा, बाहेरून आणलेल्या सामानाची नव्याने मांडणी. त्याने पीएफ नको म्हटलं तर त्याला बेफिकीर समजू नका. त्याने विचार केलेला असतो.

हिशेबनीस_खामला
मी तसं अजिबात समजत नाही. त्यांचे बाबा डायलिसिसवर आहेत, त्यांनीच सांगितलं. त्यांना मिळेल तेवढा पैसा हातात मिळावा असंच मलाही वाटतं. फक्त चुकीच्या कागदावर नको.

सीताबर्डीचा_सीए
आकडे मांडतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. सीटीसी २४ लाख, मूळ पगार महिना १ लाख. पूर्ण मूळ पगारावर पीएफ धरला तर १२ टक्क्यांनी दोन्ही बाजूंनी महिना १२,०००, म्हणजे वर्षाला प्रत्येकी १,४४,०००.

कंपनीचा वाटा पीएफमध्ये गेला तर त्यावर कर नाही, नव्या प्रणालीतही नाही. पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि सुपरॲन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून कंपनीचं योगदान वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेलं तरच कराचा प्रश्न येतो. इथे ते फारच कमी आहे. हाच वाटा पगारात घेतला तर? २०२५-२६ च्या नव्या स्लॅबप्रमाणे त्यांचं करपात्र उत्पन्न २० ते २४ लाखांच्या टप्प्यात पडतं. तिथे कर २५ टक्के, उपकर धरून २६. म्हणजे १,४४,००० पैकी ३७,४४० सरकारला, हातात १,०६,५६०. महिन्याला १२,००० च्या जागी ८,८८०.

स्वतःच्या वाट्याचं वेगळं. नव्या प्रणालीत तो तसाही कर भरूनच पीएफमध्ये जातो, त्यामुळे न कापल्यास पूर्ण १२,००० हातात येतात. पण आत टाकला तर त्यावरचं व्याज करमुक्त. स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं तर त्या जादा रकमेच्या व्याजावर कर लागतो, एप्रिल २०२१ पासून. १.४४ लाखाला ती अडचण नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना व्याज ८.२५ टक्के होतं. २६ टक्के कर भरणाऱ्याला एवढं हातात पडायला ठेवीवर ११ टक्क्यांहून जास्त व्याज मिळायला हवं. अशी सुरक्षित ठेव मला तरी माहीत नाही.

परत_आलेला यांचा गृहकर्जाचा मुद्दा स्वतःच्या वाट्यापुरता बरोबर आहे. कंपनीच्या वाट्याला तो लागू होत नाही. ८,८८० कर्जात भरून १२,००० ची बरोबरी व्हायला फार वर्षं लागतील.

परत_आलेला
कंपनीच्या वाट्याचा हिशेब मी असा वेगळा काढून पाहिला नव्हता. पटलं. पण मग मधला रस्ता नाही का? दोन्ही बाजूंनी कमीत कमी कापायचं?

सीताबर्डीचा_सीए
आहे ना. १५,००० वर १२ टक्के, म्हणजे महिना १,८०० तुमचे, १,८०० कंपनीचे. बऱ्याच कंपन्या तेवढंच करतात. ज्याला करबचत हवी त्याने कंपनीच्या उरलेल्या वाट्यासाठी एनपीएस मागावं. ८०सीसीडी(२) खाली नव्या प्रणालीत मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीचं योगदान वजा होतं. मात्र त्यात पैसा अडकतो, साठीपर्यंत सहज बाहेर निघत नाही. वडिलांच्या औषधाला पैसे हवे असलेल्या माणसाला मी ते सुचवणार नाही.

जिल्हा_न्यायालय_परिसर
मी कामगार खटले चालवते, त्यामुळे जबाबदारीपुरतं लिहिते. ताई, तुमच्या मालकांना हे दाखवाच.

समजा, सदस्य असलेल्या माणसाला तुम्ही 'वगळलेला' म्हणून बाहेर ठेवलं आणि चारेक वर्षांनी तपासणीत ते निघालं. थकबाकी काढली जाते ती कंपनीकडून, दोन्ही वाट्यांची. 'त्यानेच लिहून दिलं होतं' हा बचाव तिथे चालत नाही, कारण कायद्याने मिळालेला हक्क माणूस करारात सोडून देऊ शकत नाही. त्याचा वाटा त्याच्या पुढच्या पगारातून कापून घेऊ म्हणाल, तर पॅरा ३२ आडवा येतो: ज्या काळाचा पगार, त्याच पगारातून कपात. रुजू होताना 'मी आधी सदस्य नव्हतो' असं त्याने खोटं लिहून दिलं असेल तर, नाहीतर अपघाती किंवा कारकुनी चूक असेल तर निरीक्षकाच्या लेखी संमतीने, एवढ्याच बाबतीत नंतरच्या पगारातून कापता येते. जाणूनबुजून सोडलेली कपात म्हणजे कारकुनी चूक नव्हे. वर व्याज आणि दंड. म्हणजे ज्याने पैसे घरी नेले त्याला तोशीस नाही आणि दोन्ही वाटे मालकाच्या खिशातून.

उलट, तो खरोखरच कधी सदस्य नव्हता आणि मूळ पगार १५,००० च्या वर आहे, तर घाबरायचं काही कारण नाही. रुजू होण्याच्या दिवशीच फॉर्म ११ भरून घ्या, त्यात आधीचं सदस्यत्व 'नाही' असल्याची त्याची सही, सोबत नेमणूकपत्र ज्यात मूळ पगार स्वच्छ दिसतो. हे दोन कागद फाइलला असले की बस. पीएफ कार्यालयाची वेगळी मंजुरी लागत नाही. दरमहा चलन भरताना वगळलेल्यांची संख्या दाखवायची असते, ती विसरू नका.

आणखी एक. मूळ पगार उगाच कमी दाखवून भत्ते फुगवायची सवय इकडे बरीच आहे. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं की सरसकट सगळ्यांना दिला जाणारा विशेष भत्ता हा मूळ वेतनाचाच भाग. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर जादाचा भाग वेतनातच धरला जातो. ज्याची कपात १५,००० वरच होते त्याच्या हातात येणाऱ्या रकमेवर परिणाम नाही, हे श्रम मंत्रालयाने स्पष्ट केलंय. ताईंच्या इंजिनिअरला म्हणूनच याची झळ नाही. त्या दोन पोरांना आहे, पण फायद्याची: बारा-तेरा हजारांच्या मूळ पगारासोबत भत्ते निम्म्यावर असतील तर त्यांचा पीएफ वाढायला हवा. तेही एकदा तपासा.

निशिगंध
मी मिहानमधल्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे सगळ्यांना पीएफ आहे, पगार कितीही असो. नेमणूकपत्रातच तसं लिहिलेलं असतं. दरवर्षी कोणी ना कोणी भांडतं, पण मी या धोरणाच्या बाजूने ठाम आहे आणि त्याला कारण आहे.

पीएफ सदस्याला कर्मचारी ठेव संलग्न विमा आपोआप मिळतो. कर्मचाऱ्याच्या खिशातून एक पैसा जात नाही, कंपनी १५,००० वर अर्धा टक्का म्हणजे महिना ७५ रुपये भरते. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख. वैद्यकीय तपासणी नाही, वयाची विचारणा नाही. आमचा एक मुलगा वर्धा रोडवर अपघातात गेला. त्याने स्वतःचा विमा काढलेला नव्हता, तिशीत कोण काढतं? त्याच्या बायकोच्या हातात जे पहिले पैसे पडले ते याच विम्याचे. तिच्यासोबत फॉर्म भरायला मी बसले होते. तिच्या सासऱ्यांनी मला विचारलं, "हे पैसे कुठून आले? पोरानं तर काही सांगितलं नव्हतं." त्यालाही माहीत नव्हतं.

वगळलेल्या माणसाला हे मिळत नाही. म्हणून कोणाला बाहेर ठेवायचंच असेल तर आधी त्याला कंपनीच्या गट विम्यात घ्या. निदान त्याला समोर बसवून हे सांगा.

हिशेबनीस_खामला
निशिगंध, वाचून गलबललं. आमच्याकडे गट विमा नाही. मालकांशी बोलते.

रामदासपेठी
एक शंका. १५,००० च्या वर पगार असलेल्या नव्या माणसाला पेन्शन मिळतच नाही ना? मग पीएफ घेऊन उपयोग काय?

बुटीबोरीकर
पेन्शन योजनेचं असं आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सदस्य झालेला आणि तेव्हा पगार १५,००० च्या वर असलेला माणूस कर्मचारी पेन्शन योजनेत येत नाही. कंपनीचे पूर्ण १२ टक्के त्याच्या पीएफमध्येच जमा होतात. यात त्याचं नुकसान आहेच असं नाही. पैसा त्याच्याच नावावर वाढतो.

पण इथे सॉफ्टवेअर फार गोंधळ घालतं. पगाराच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यांना सरसकट ८.३३ टक्के पेन्शनला टाकायची सोय लावलेली असते, आणि अशा माणसाचेही दरमहा १,२५० पेन्शनला जात राहतात. वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. तो माणूस नोकरी बदलून पैसे हलवायला जातो तेव्हा अर्ज अडकतो. मग पेन्शनमधून पैसे परत पीएफमध्ये वळवायचे पत्रव्यवहार सुरू. मी असे प्रकार निस्तरले आहेत. तुकडोजी पुतळ्याजवळच्या भविष्य निधी कार्यालयात किती फेऱ्या होतात ते ज्याचं त्यालाच माहीत.

ताईंच्या इंजिनिअरचं उलट आहे. ते २०१४ च्या आधीचे सदस्य. तेव्हा पीएफ सदस्य झालेला प्रत्येक जण पेन्शन योजनेतही जायचा. पेन्शनचे पैसे काढलेले नसतील तर ते आजही पेन्शन सदस्य आहेत. म्हणजे कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला, ५५० पीएफला. पुण्यातली सेवा आणि इथली सेवा जोडून दहा वर्षं झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. रक्कम मोठी नसते, पण ती शेवटपर्यंत मिळते आणि मागे बायकोलाही मिळते.

हिशेबनीस_खामला
मग त्यांच्यापुढे नक्की रस्ते किती? मला वाटतं दोन. एक, जुनं खातं तसंच ठेवून सदस्य म्हणून रुजू व्हायचं, १,८०० वर. दोन, रुजू होण्याआधी जुनं खातं पूर्ण मोकळं करायचं आणि मग वगळलेला म्हणून यायचं. दुसरं कायद्यात बसतं का?

जिल्हा_न्यायालय_परिसर
बसतं. पॅरा २६ए नुसार पूर्ण रक्कम काढली की सदस्यत्व संपतं. नंतर १५,००० च्या वर मूळ पगारावर रुजू झालेला माणूस नव्याने 'सदस्य होण्याची वेळ' येताना मर्यादेच्या वर असतो. पण क्रम चुकवायचा नाही. आधी पैसे हातात, मग नोकरीचा पहिला दिवस. रुजू होऊन मग अर्ज केला तर उपयोग नाही. आणि पेन्शनचा हिस्साही फॉर्म १०सी ने सोबतच मोकळा करावा, अर्धवट ठेवू नये.

सीताबर्डीचा_सीए
आणि कर विसरू नका. एकूण सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना काढलेला पीएफ करपात्र. पुण्यातली दोनच वर्षं, म्हणजे त्यावर कर लागणार. तीच रक्कम नव्या खात्यात वळवली तर जुनी सेवा जोडून धरली जाते. शिवाय नोकरी सोडल्यानंतरच्या काळात साठलेल्या व्याजावर कर लागतो असा बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाचा निकाल आहे, तोही बघावा लागेल.

वऱ्हाडी_माणूस
म्हंजे जुनं खातं मोडून येनारे किती, आन् जानारे किती हे आधी पाहा ताई. मले तर पहिलाच रस्ता बरा वाटते. १,८०० नं कोनाचं घर बसत नाही, आन् विमा तरी लागू राहते.

निशिगंध
अनुमोदन. शिवाय आत-बाहेर करण्याचा नियम दोन्ही बाजूंना सारखा नाही. आज बाहेर राहिलेला माणूस पुढे कंपनीसोबत पॅरा २६(६) खाली संयुक्त अर्ज करून आत येऊ शकतो. आत असलेला मात्र नोकरी चालू असताना 'आता नको' म्हणून बाहेर पडू शकत नाही. म्हणून त्यांना निवांत विचार करू द्या, घाईत होकार घेऊ नका.

महालकर
त्या दोन पोरांचं काय झालं? मूळ प्रश्नात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. २४ लाखवाल्याला सल्ला देणारे शंभर भेटतात.

हिशेबनीस_खामला
महालकर, बरोबर बोललात. काल दोघांना जेवणाच्या सुट्टीत बसवलं. एकाचं लग्न ठरलंय, दुसऱ्याच्या बहिणीची फी भरायची आहे. दोघांनाही महिन्याला दीडेक हजार हवे होते, एवढीच गोष्ट. मी आधी त्यांना कायदा सांगितला, की तुमच्या बाबतीत मला निवडच नाही. मग मोबाइलवर पासबुक उघडायला लावलं. पहिल्याने ते याआधी कधी उघडलंच नव्हतं. तीन वर्षांचे दोन्ही वाटे आणि व्याज मिळून आकडा लाखाच्या जवळ. कंपनीचा वाटा वेगळ्या रकान्यात दिसतो, त्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे पैसे तुम्ही टाकता? माझ्या पगारातून नाही?" मी म्हटलं, तुझ्या कामाचेच आहेत, पण तुझ्या हातातल्या पगारातून कापलेले नाहीत. लग्नासाठी यातून आगाऊ रक्कम काढता येते हेही सांगितलं. त्यासाठी सेवेची अट काय ते बघून देते म्हटलं. दुसरा तरीही नाराज होता. त्याची अडचण खरी आहे आणि पासबुकातला आकडा बहिणीची फी भरत नाही. मालकांकडे त्याच्यासाठी पगारातून उचल मागितली आहे.

महालकर
फार बरं केलंत ताई. पासबुक दाखवणं हे प्रत्येक पगारवाल्याने वर्षातून एकदा करायला हवं. आमच्या मालकाने कधी केलं नाही. मला पन्नाशीत कळलं की मधली सहा वर्षं पैसे भरलेच नव्हते.

बुटीबोरीकर
महालकर, तुमची ती सहा वर्षं अजूनही मागून बघा. कापल्याचा पुरावा म्हणून जुन्या पगारचिठ्ठ्या असतील तर दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' शिबिर भरतं, तिथे घेऊन जा. तक्रार तोंडी करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

हिशेबनीस_खामला
शेवटची बातमी कळवते. इंजिनिअर साहेबांनी आईच्या कपाटातून पुण्याच्या जुन्या पगारचिठ्ठ्या शोधून काढल्या, त्यावर खाते क्रमांक मिळाला. उमंग ॲपवर चेहरा-पडताळणी करून यूएएनही काढला. जुनं खातं त्याला जोडायचा अर्ज ते रुजू झाल्यावर आमच्यामार्फत जाईल.

सीए साहेबांचे आकडे मी त्यांना जसेच्या तसे पाठवले होते. ते म्हणाले, पैसे बुडाले असं समजून बसलो होतो, म्हणून नको म्हणत होतो. आता दोन्ही बाजूंनी १,८०० वर तयार आहेत. कंपनीच्या वाट्याचे उरलेले महिना १०,२०० त्यांच्या विशेष भत्त्यात जातील, तसं नेमणूकपत्र सुधारून घेतलं. म्हणजे वडिलांच्या खर्चाला हातात पैसेही आले. मालकांना पॅरा ३२ वाचून दाखवल्यावर त्यांनी 'काय हवं ते लिहून दे' हे वाक्य मागे घेतलं. गट विम्याचे दर मागवले आहेत.

परत_आलेला
ताई, मीही उद्या माझ्या कंपनीत विचारतो. मी रुजू होताना फॉर्म ११ वर काय खूण केली होती तेच आठवत नाही. आधीची नोकरी हैदराबादला होती, तिथला पीएफ २०१६ मध्ये काढला होता. मला घाबरायला हवं का?

जिल्हा_न्यायालय_परिसर
पीएफ पूर्ण काढला असेल आणि इथे मूळ पगार १५,००० च्या वर असेल तर घाबरू नका. त्या दाव्याचा निकाली तपशील ईपीएफओच्या (पीएफ चालवणाऱ्या सरकारी संघटनेच्या) संकेतस्थळावरून किंवा बँकेच्या २०१६ च्या पासबुकातून काढून ठेवा. आणि फॉर्म ११ ची प्रत मनुष्यबळ विभागाकडून लेखी मागून घ्या. पेन्शनचा हिस्सा तेव्हा काढला होता की नाही, ते आधी बघा. तो राहिला असेल तर इथे पुन्हा लिहा.